छताला चिकटलेला दिवा साखळीवर उतरला

आमच्या जेवणाच्या खोलीतला दिवा जवळजवळ साठ वर्षे छताला चिकटून होता. १४ इंच व्यासाचा दुधी काचेचा घुमट, त्याच्या काठाला पितळेची पट्टी, वर पांढरा रंग दिलेली लोखंडी ताटली आणि त्या ताटलीतून छतात गेलेले तीन स्क्रू, एवढीच त्याची घडण होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नारायण पेठेतला माझ्या सासऱ्यांचा वाडा पुरात गेला. पुढे त्याच जागी जी इमारत उभी राहिली, तिच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात सासऱ्यांनी हा दिवा स्वतः निवडून आणून बसवला होता. काच फुंकून केलेली आहे आणि तिच्या काठाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा एक हवेचा बुडबुडा अडकलेला आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी घुमट उतरवून धुताना माझे बोट त्या बुडबुड्यावरून फिरते.

अडचण होती ती उंचीची. खोली ११ फूट उंच आहे, म्हणजे सुमारे ३३५ सेंटिमीटर, आणि जेवणाचे टेबल ७५ सेंटिमीटर. घुमटाचा तळ आणि टेबल यांच्यात जवळजवळ अडीच मीटरचे अंतर पडत होते. दिवा खोलीला पुरत असे, पण टेबलाला पुरत नसे. त्यातच पंख्याची पाती दिव्याच्या पातळीखाली असल्यामुळे, पंखा सुरू केला की समोरच्या भिंतीच्या वरच्या भागावर त्यांच्या सावल्या फिरत राहायच्या आणि जेवताना डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत एक थरथर जाणवायची. सासूबाईंचे वय ८२ आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, तरी तांदूळ निवडणे, वाती वळणे आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचणे ही कामे त्यांनी सोडलेली नाहीत. दुपारी तीननंतर त्या ताट घेऊन खिडकीशी जात आणि सूर्य कलला की ताट तसेच झाकून ठेवत. एकदा भातात खडा लागला तेव्हा त्या जेवण सोडून उठल्या आणि रात्री उशिरापर्यंत गप्प बसून होत्या. दिव्याचे काहीतरी करायचे, हे मी त्या रात्री ठरवले.

नवा दिवा आणणे सोपे होते, परंतु हीच काच खाली आणायची, अशी माझी इच्छा होती. काम समजून घेण्यात मला तीन आठवडे लागले आणि करण्यात चार दिवस. या तीन आठवड्यांत मला जे उमगले ते असे की, छताला चिकटलेला दिवा आणि टांगलेला दिवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छतावर असतो तोवर त्याचे वजन तीन स्क्रूंवर विभागलेले असते, त्याची वरची बाजू कोणाला दिसत नाही आणि त्याला कोणाचा हात लागत नाही. तोच दिवा साखळीवर आला की सगळे वजन एका बिंदूवर येते, पाठ उघडी पडते आणि तो घरातल्या प्रत्येकाच्या हाताच्या टप्प्यात येतो. या तिन्ही गोष्टींची सोय मुळात त्याच्यात केलेली नसते, ती आपल्याला करावी लागते.

पहिला प्रश्न किती खाली आणायचा हा होता. टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे, असा जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यांचा सर्वसाधारण अंदाज असतो. पण आकड्यावर विसंबण्याऐवजी मी घुमटाच्याच मापाचे एक ॲल्युमिनियमचे पातेले सुतळीने जुन्या पडद्याच्या दांडीला बांधले, ती दांडी दोन उंच कपाटांच्या माथ्यांवर आडवी टाकली आणि ते पातेले दोन दिवस टेबलावर लटकत ठेवले. ६० सेंटिमीटरवर समोर बसलेल्या माणसाचा चेहरा झाकला जात होता आणि वाढताना माझा हात पातेल्याला लागत होता. ९० सेंटिमीटरवर काहीच अडत नव्हते, पण मग दिवा टेबलाचा वाटत नव्हता. ७५ सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या वर वीतभराहून अधिक जागा राहत होती आणि उभ्याने वाढतानाही अडचण होत नव्हती. सासूबाईंनी खुर्चीत बसून, मान वर करून, हात लांब करून पाहिले आणि म्हणाल्या, "इथे राहू दे. इथे तो माझ्या ताटात बघेल."

प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे शाळेत शिकलेले सूत्र या निमित्ताने पुन्हा वापरले. २४५ सेंटिमीटरवरून ७५ वर आल्यास टेबलाच्या मध्यावरचा उजेड कागदावर दहापट होतो. आमचा घुमट बिंदूएवढा लहान नसल्यामुळे प्रत्यक्षात तो तितका वाढत नाही, तरीही फरक डोळ्यांना कळण्याइतका मोठा असतो. म्हणून जास्त वॅटचा बल्ब घेण्याचा विचार मी सोडून दिला आणि आधीसारखाच ९ वॅटचा, पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब कायम ठेवला.

दिवा उतरवताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कळली. मी भिंतीवरचे बटण बंद केले, शिडीवर चढले, घुमट उतरवून खाली दिला आणि होल्डरच्या तारांना टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. बटण बंद होते, तरी तारेत वीज होती. मी हात मागे घेतला, खाली उतरले आणि मीटरजवळचा मुख्य स्विचच बंद केला. टेस्टर स्वतः नीट चालतो आहे ना, हे आधी चालू असलेल्या प्लगवर पाहावे, मग काम करायच्या तारांवर लावावा आणि शेवटी पुन्हा चालू प्लगवर लावून खात्री करावी, ही सवय मला वडिलांनी लावली होती. मुख्य स्विच बंद केल्यावर घरात चालू प्लग उरला नव्हता, म्हणून मी जिन्यातल्या प्लगवर टेस्टर तपासला. आमचे नेहमीचे वायरमन काका दुसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांनी बोर्ड उघडून कारण दाखवले. बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी न्यूट्रलच्या, म्हणजे ती परत नेणाऱ्या तारेवर जोडलेले होते. अशा जोडणीत बटण दाबले की दिवा विझतो, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण होल्डरपर्यंत फेज चोवीस तास येऊन थांबलेला असतो. इतकी वर्षे आम्ही बटण बंद करून, ओल्या हातांनी तो घुमट काढत आणि बसवत आलो होतो.

छताला जी लोखंडी ताटली होती ती काढल्यावर तिच्यामागे लाकडी ठोकळी निघाली. त्या काळी स्लॅबमध्ये किंवा भिंतीत भोक पाडून त्यात लाकडी ठोकळी ठोकत आणि स्क्रू त्या लाकडात फिरवत. आमची ठोकळी इतकी वाळली होती की मधला स्क्रू बोटांनी फिरवताच आट्यांसकट बाहेर आला आणि त्याच्याबरोबर तपकिरीसारखी भुकटी खाली पडली. ठोकळीच्या शेजारच्या लोखंडी नळीतून दोन तारा बाहेर आल्या होत्या, वर सुती विणीचे कापड आणि आत रबर. जुन्या पिवळ्या बल्बची उष्णता वर्षानुवर्षे सोसून ते रबर कडक झाले होते. काकांनी एक तार किंचित वाकवली तशी तिच्यावरची साल चिरून खाली पडली आणि हिरवट पडलेले तांबे उघडे झाले. काका म्हणाले, "वहिनी, दिवा लांबवायचा राहू द्या, आधी ही तार बदलू. नाहीतर मी हात लावणार नाही." त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केले.

जुळणीचे, भोके पाडण्याचे आणि टांगण्याचे काम मी स्वतः केले. विजेच्या जोडणीचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करवून घेतले. या विभागणीबद्दल मी आग्रही आहे, कारण चुकीची जोडणी लगेच दिसून येत नाही, हे त्या न्यूट्रलवरच्या बटणाने मला दाखवून दिले होते.

मग वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घुमट २ किलो १०० ग्रॅम भरला, पितळी काठ त्यातच धरून, आणि ताटली ६०० ग्रॅम. वर जे झाकण करायचे होते त्याचा अंदाज एक किलोचा होता, होल्डर, कडे आणि इतर बारीकसारीक सामान ३०० ग्रॅम, आणि साखळी अर्धा किलो. म्हणजे सगळे मिळून साडेचार किलो. मी ठरवले की, साखळी असो, कडे असो वा छतातला हूक, प्रत्येक गोष्ट चौपट वजनावर, म्हणजे १८ किलोवर, एक रात्र टांगून पाहायची आणि मगच वापरायची. ज्याखाली माणसे जेवायला बसणार आहेत, लहान मुले माना वर करून बघणार आहेत, तिथे यापेक्षा कमी काळजी घेणे मला पटत नव्हते.

साखळी घरात होती. पुरातून जी थोडी भांडी मिळाली त्यांत सासूबाईंच्या सासूबाईंचा लामणदिवा होता. दिव्याचे भांडे हरवले, पण त्याची पितळी साखळी आणि मध्ये बसवलेला लहानसा मोर राहिला. टांगलेला दिवा म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लामणदिवाच आला आणि तीच साखळी वापरावी असे मलाही फार वाटत होते. आम्ही ती चिंचेने घासली. ती इतकी सुंदर निघाली की परीक्षा न घेताच लावून टाकण्याचा मोह झाला. तरीही मागच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या भक्कम लोखंडी आकड्याला ती अडकवली, खाली बादली बांधली, बादलीखाली जुनी गादी टाकली आणि एकेक लिटर पाणी ओतत गेले. बारा लिटर झाले तेव्हा वरून चौथी कडी हळूच उघडली आणि बादली गादीवर आली. कडी हातात घेऊन उजेडात पाहिली, तेव्हा जिथे दोन कड्या एकमेकींवर टेकतात तिथे त्या घासून घासून निम्म्याने झिजलेल्या दिसल्या. बाहेरून जाड दिसणारी कडी आतल्या कुशीत सुतळीएवढीच उरली होती. तेलाच्या पणतीचे पावशेर वजन वाहण्यासाठी घडवलेल्या साखळीवर मी साडेचार किलो टाकायला निघाले होते.

नवी साखळी बोहरी आळीत घेतली. दुकानात पितळेची म्हणून दाखवतात त्यांतल्या काही लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेल्या असतात. पाकिटात लहानसे लोहचुंबक नेले होते, त्यामुळे भेद लगेच कळला. मुलाम्याची साखळी ताकदीला कमी नसते, उलट जास्तच असते, पण पुण्याच्या पावसाळी हवेत तिच्या सांध्यांवर गंज येतो आणि मला घासून लख्ख करता येईल असा धातू हवा होता. तीन मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेची, सांधे झाळलेली साखळी मिळाली. नुसत्या वाकवून जुळवलेल्या कड्यांची साखळी स्वस्त होती, ती घेतली नाही. माझे गणित असे होते: छताची उंची ३३५, त्यातून टेबल आणि वरचे अंतर मिळून १५० वजा, दिवा आणि त्याचे कडे यांचे ३२ वजा, हुकाचे ५ वजा, म्हणजे १४८ सेंटिमीटर. साखळी दोन मीटर घेतली, कारण कापून कमी करता येते. पुढे ती कमी करताना एक गोष्ट शिकले. कडी उघडायची झाल्यास तिची टोके एकमेकांपासून लांब ओढायची नसतात, त्याने कडीचा आकार कायमचा बिघडतो. दोन पकडींनी दोन टोके धरून एक आपल्याकडे आणि एक पलीकडे अशी पिळायची आणि मिटवताना तशीच उलट पिळायची. पकडींच्या तोंडाला सुती चिंधी गुंडाळली की पितळेवर दातांचे वण उठत नाहीत. अर्थात झाळलेल्या साखळीत उघडण्याजोगी कडी नसते. दोन्ही टोकांना जोडायच्या ज्या जाड कड्या वेगळ्या घेतल्या होत्या, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट कामी आली.

झाकणाचे काम मला सगळ्यांत आवडले. छताला चिकटलेल्या दिव्याची ताटली ही मागची बाजू असते. तिच्यावर जुन्या रंगाचे पोपडे, स्क्रूंची तीन भोके आणि तार जाण्यासाठी कोपऱ्यात ओबडधोबड कापलेली खाच होती. तशीच टांगली असती तर उभे राहिल्यावर प्रत्येकाला दिसली असती, आणि त्या खाचेतून उजेड वर गेला असता तर पंख्याच्या पात्यांच्या सावल्या भिंतीऐवजी छतावर फिरल्या असत्या. शिवाय वरून उघड्या राहिलेल्या घुमटात धूळ आणि पाखरे पडत राहतात. म्हणून ताटलीवर बसेल असे पूर्ण बंद झाकण हवे होते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशव्यांच्या काळापासून तांब्यापितळेचे काम चालत आले आहे. तिथल्या एका कारागिरांकडे मी घुमट आणि ताटली घेऊन गेले.

त्यांनी घुमट दोन्ही हातांनी उचलून पाहिला, नखाने वाजवला आणि काचेचा आवाज ऐकून मान डोलावली. मग विचारले, "ताई, आत दिवा कसला? तापतो का?" हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. एलईडी बल्ब जुन्या बल्बासारखा चटका बसेल इतका तापत नाही, पण त्याच्या बुडाशी जो इलेक्ट्रॉनिक भाग असतो त्याला बंद जागेतली ऊब सोसत नाही आणि बल्ब लवकर जातो. छताला असताना ताटली आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीतून थोडी हवा खेळत होती. झाकण पूर्ण बंद केले असते तर तीही गेली असती. त्यांनी उपाय सुचवला तो असा: झाकण सपाट न करता मधून उंच, उथळ परातीसारखे उपडे करायचे, त्याच्या खालच्या कडेला आडव्या दिशेने बारीक भोके पाडायची, म्हणजे गरम हवा बाजूने निघेल, उजेड वर जाणार नाही आणि धूळही सरळ आत पडणार नाही. पितळेचा १८ गेजचा पत्रा गोल कापून, ओंडक्यात रोवलेल्या खरवईवर, म्हणजे ऐरणीसारख्या लोखंडी दांड्यावर ठेवून, हातोडीने ते तो फिरवत ठोकत गेले. मठारकाम म्हणतात ते हेच. प्रत्येक ठोक्याचा एक लहान गोल चेहरा पत्र्यावर उमटतो, शेजारचा ठोका त्याच्या काठाला किंचित चाटून जातो आणि पत्रा नुसता सुंदर होत नाही, ताठही होतो. मधोमध भोक पाडण्यापूर्वी त्यांनी पाडू का म्हणून विचारले तेव्हा मी थांबवले, कारण मध्य मला घरी, ताटली आणि घुमट एकत्र लावून काढायचा होता.

त्याचे कारण तोल. जुन्या दिव्यात दोन होल्डर आडवे, एकमेकांकडे पाठ करून बसवलेले होते आणि ते मध्यापासून सारखे नव्हते. छताला असताना त्याने काही बिघडत नव्हते. टांगल्यावर मात्र मध्य दोन मिलिमीटर चुकला तरी घुमट एका बाजूला कलतो आणि ते कलणे पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत राहते. मी दोन्ही होल्डर काढून मध्ये एकच, बेकेलाइटचा, पिनांचा होल्डर उभा टांगायचे ठरवले. ताटलीच्या काठावरून तीन वेगवेगळ्या दिशांनी व्यास आखले, ते जिथे छेदले तिथे पंचने खूण केली आणि पहिले भोक फक्त तीन मिलिमीटरचे पाडले. त्यातून दोरी ओवून, घुमट बसवून, सगळे अधांतरी धरून पाहिले. किंचित पूर्वेकडे, म्हणजे बुडबुडा आहे त्या बाजूला, तो झुकत होता, कारण फुंकलेली काच सगळीकडे सारख्या जाडीची नसते. भोक त्या बाजूला कानशीने दीड मिलिमीटर सरकवल्यावर तो समतोल झाला. मगच दहा मिलिमीटरचे भोक पाडले आणि त्याच जागी झाकणालाही पाडले.

या भोकातून आट्यांची पोकळ नळी जाते, दुकानात तिला निपल म्हणतात. खालून होल्डर, मग ताटली, मग झाकण आणि सगळ्यांत वर साखळी अडकवायचे कडे, ही सगळी त्या एका नळीवर एकत्र आवळली जातात आणि तार नळीच्या पोकळीतून खाली उतरते. येथे दोन गोष्टी मी मनापासून सांगेन. एक, नळीच्या टोकांची धार कानशीने आणि पॉलिश पेपरने मोडलीच पाहिजे, कारण दिवा हलला की तारेचे वेष्टण त्या धारेवर घासते. दोन, ताटलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे चेकनट, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून आवळायचे जास्तीचे नट, आणि त्यांच्याखाली स्प्रिंगचे वॉशर हवेत. टांगलेला दिवा वाऱ्याने किंवा पुसताना थोडाथोडा एकाच दिशेने फिरत राहिला, तर कडे आट्यांवरून सुटत जाते आणि एके दिवशी दिवा खाली येतो. घुमटाला काठाशी धरणारे जे तीन हाताने फिरवायचे स्क्रू होते, त्यांनाही मी बारीक चेकनट लावले आणि स्क्रूची टोके व काच यांच्यामध्ये रबराचे तुकडे दिले. स्क्रू काचेला नुसते टेकवायचे, मग पाव फेरा मागे घ्यायचे आणि चेकनट आवळायचा. काच घट्ट धरायची नसते, ती स्क्रूंवर बसलेली असावी. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा ऑइलपेंट दिला, त्याने वर जाणारा उजेड परत खाली येतो.

छतात हूक बसवणे हा कष्टाचा भाग होता. पंख्यासाठी स्लॅब ओततानाच सळईला बांधलेला हूक ठेवतात, दिव्यासाठी कोणी ठेवत नाही. आठ मिलिमीटर बोल्टचा, हुकासकट मिळणारा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारा खिळा, आणला. जुन्या ठोकळीच्या भोकाजवळ काँक्रीट फुटलेले असू शकते, म्हणून तिथून दहा सेंटिमीटर अंतरावर खूण केली. अंतर असे ठेवले की वरची पितळी वाटी, जी हूक आणि तारांचे तोंड दोन्ही झाकते, तिच्या घेरात दोन्ही येतील. त्यासाठी २४ सेंटिमीटर व्यासाची वाटी लागली. ड्रिलच्या पात्यावर कागदी पेला ओवला, त्यात बहुतेक भुकटी पडते. डोळ्यांना चश्मा लावला. तीन सेंटिमीटरवर पाते एकदम ठणकले आणि पुढे जाईना, ती स्लॅबची सळई होती. सळई कापून पुढे जाणे चूक आहे. ते भोक सिमेंटने बुजवले, पाच सेंटिमीटर बाजूला सरकले आणि वाटीच्या घेरात बसते ना हे पुन्हा मोजून दुसरे पाडले. फास्टनरच्या पाकिटावर जी खोली दिलेली असते ती काँक्रीटमधली खोली असते. आमच्या छताला सेंटिमीटरभर गिलावा आहे, तो त्यात धरायचा नाही. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने फुंकून काढली, कारण भुकटी राहिली तर फास्टनर फुगतो पण पकडत नाही. मग त्या हुकाला १८ लिटर पाण्याची बादली, खाली गादी, आणि रात्रभर त्या खोलीचे दार बंद. सकाळी हुकाच्या मुळाशी पेन्सिलीने केलेली खूण केसभरही सरकलेली नव्हती.

तारा बदलायला काकांना अर्धा दिवस लागला. जुन्या तारांच्या टोकांना नव्या तीन तारा बांधून त्या नळीतून ओढल्या. वळणावर दोनदा अडकल्या, तेव्हा काका एका बाजूने ओढत आणि मी बोर्डाकडून हलक्या हाताने आत ढकलत होते. पूर्वी दोनच तारा होत्या, लाल आणि काळी, तिसरी हिरवी अर्थिंगची तार पहिल्यांदाच त्या नळीतून गेली. आता लोखंडी ताटली, पितळी झाकण आणि पितळी साखळी ही सगळी हाताच्या टप्प्यात येणार होती. तार कुठे सोलली गेली आणि फेज धातूला टेकला तर, अर्थिंग नसताना, झाकण पुसणाऱ्या माणसाच्या अंगातून वीज गेली असती. साखळी धातूची आहे म्हणून तिच्यातून अर्थिंग होईल असे धरून चालत नाही. कड्या एकमेकींना फक्त टेकलेल्या असतात, त्यांच्यावर काट चढतो आणि जोडणी बेभरवशाची होते. म्हणून तीन पदरी, ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचीक तार साखळीतून ओवली आणि तिचा हिरवा पदर ताटलीला स्वतंत्र स्क्रूने आवळला. काकांनी बोर्डात बटण न्यूट्रलवरून काढून फेजवर घेतले आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप तोडणारा स्विच, त्याचे चाचणीचे बटण दाबून उडतो हे मला दाखवले.

तार साखळीपेक्षा लांब हवी. ती दर दोन कड्यांनंतर एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओवत नेली, ढिली. साखळी १४८ सेंटिमीटर होती आणि तार दोन मीटर लागली, दोन्हीकडच्या जोडण्या धरून. ओवून झाल्यावर मी तार दोन बोटांत धरून कुठेही ताण नाही ना, हे वरपासून खालपर्यंत पाहिले. वजन साखळीने घ्यायचे, तारेने नाही. तार ताणलेली असेल तर होल्डरमधला स्क्रू रोज थोडा थोडा ओढला जातो, जोडणी सैल होते, तिथे तापते आणि आधी वास येतो, मग धूर.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा टांगला. माझे पती घुमट सावरून शिडीवर उभे होते, मी वरची कडी हुकात अडकवली, काकांनी वाटीच्या आत तारा जोडून वाटी वर सरकवून आवळली आणि मुलीने बटण दाबले. टेबलावर पांढऱ्या कापडाचा एक मोठा गोल उजळला, त्याच्या बाहेर खोली सौम्य अंधारात राहिली. भिंतीवरच्या सावल्या नाहीशा झाल्या होत्या. झाकणावरच्या ठोक्यांचे चेहरे खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडात एकेक चमकत होते. सासूबाईंनी काही न बोलता दुपारी झाकून ठेवलेले ताट आणले, खुर्ची ओढली आणि तांदूळ निवडायला बसल्या.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. पंखा पाचावर असला की दिवा बोटभर झुलतो आणि किंचित फिरतो. पंख्याचा मध्य पाच फुटांवर आहे, तरी वारा तिथपर्यंत येतो. जेवताना आम्ही पंखा तीनवर ठेवतो, तेव्हा तो स्थिर राहतो. तरी फिरण्याने आटे सुटतात का, हे पाहण्यासाठी कड्यावर आणि चेकनटवर मिळून लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुख्य स्विच बंद करून मी झाकण पुसते तेव्हा ती रेघ पाहते. आठ महिने झाले, रेघ अजून सरळ आहे. लामणदिव्याची साखळी तांबट आळीत त्याच कारागिरांकडे दिली होती. त्यांनी झिजलेल्या सगळ्या कड्या बदलून झाळून दिल्या आणि मोर जिथल्या तिथे बसवला. ती आता देवघरात आहे, आणि तिच्यावर एक पणती आहे, फक्त पावशेर वजनाची.